विकासनगरचा एक बिनकामाचा

"पुण्याला जाऊ का?" असं सुधीरने विचारलं तेव्हा मधुमती मटार सोलत होती, आणि शेंग दाबली की दाणे जसे आपोआप बाहेर येतात तसं तिचं उत्तर बाहेर आलं. "जा की," ती म्हणाली. "त्यांना माणूस हवाय, तुम्ही मोकळे आहात." दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी. फेब्रुवारीचं ऊन बाल्कनीच्या कठड्यावरून आत येऊन मटारांच्या टोपलीत बसलं होतं. सुधीर जरा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला, उरलेला चहा उभ्यानेच संपवला, स्वेटर चढवला आणि चारबाग स्टेशनला जाऊन रिझर्वेशन करून येतो असं सांगून निघाला. तिकीट मोबाइलवर निघतं हे त्याला माहीत होतं, पण खिडकीपलीकडच्या माणसाने हातात दिलेलं तिकीटच गाडीत चालतं अशी त्याची श्रद्धा होती. तो जिन्यात असताना तिने हाक मारून सांगितलं की येताना पनीर आणा, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटलीही. त्यालाही तो "बरं" म्हणाला. पुण्याचं बरं आणि पनीरचं बरं अगदी एकाच सुरातलं होतं. मधुमतीच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

तसं पाहिलं तर तिच्या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. सुधीर गेल्या जूनमध्ये संशोधन संस्थेतून निवृत्त झाला होता. हत्तीरोगाच्या जंतांवर त्याने जन्म काढला, आणि ते जंत अजून कामावर असताना हा मात्र घरी बसला. पुण्याला त्याचा एक जुना विद्यार्थी, धनंजय, आता मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. त्याला दोन वर्षांसाठी सल्लागार हवा होता. राहायला जागा देणार होता आणि वर मानही. मधुमतीची नोकरी अजून उरली होती, तेव्हा ती लखनौ सोडू शकत नव्हती. म्हणजे एक जागा रिकामी, एक माणूस रिकामा. बँकेच्या झोनल ऑफिसात स्टाफचं टेबल तिच्याकडे होतं आणि दिवसभर ती हेच करायची. गोमतीपारच्या शाखेत कॅशियर बाळंतपणाच्या रजेवर गेली की चौक शाखेतल्या कुणाला तरी उचलून तिथे ठेवायचं. चौकात ओरड झाली की आलमबागेतला कुणीतरी सुटा करायचा. माणसं तिला चेहऱ्यांनी आठवायची नाहीत, ती बसलेल्या खुर्च्यांनी आठवायची. लग्नातसुद्धा पंगत बघून तिच्या मनात यायचं की वाढणारे तिकडे तिघे जास्त झालेत आणि ताकाच्या बाजूला कुणीच नाही. सुधीर एकदा म्हणाला होता की यमाकडे स्टाफची टंचाई झाली तर तो तुलाच बोलावील. तिने तेव्हा ते प्रशंसा म्हणून जमेला धरलं होतं.

टोपली बाजूला सारून ती सानिकाच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मनात काही टोचायला लागलं की हल्ली ती तिथेच बसायची. सानिका बंगळुरूला नोकरीला गेली तेव्हा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि दिवाळीत आली तेव्हा तिने आईला त्यातला एक खेळ दाखवला. अंतराळातला. तारे, ग्रह, त्यांच्यावर वसवायची माणसं. शत्रूची जहाजं वगैरे होती, पण मधुमतीने पहिल्याच दिवशी सगळ्या शेजाऱ्यांशी तह करून टाकले आणि लढाईचं पान पुन्हा उघडलं नाही. तिला हवं ते दुसऱ्या पानावर होतं. तिथे प्रत्येक ग्रहावरची माणसं चिमुकल्या आकृत्या होऊन ओळीने उभी असत. शेतावर इतके, खाणीत इतके, प्रयोगशाळेत इतके. बोटाने उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं, आणि कुणी युनियनकडे जात नसे. तिने ग्रहांना नावं दिली होती, चौक, चारबाग, मिरज, आणि जो पहिला वसवला तो विकासनगर, कारण आपण राहतो तिथूनच सुरुवात करावी. सुधीर सकाळी पेपर वाचत असे आणि ती ऑफिसला निघण्याआधी घाईघाईने चारबागचे दोन शेतकरी खाणीत टाकून जात असे. मग दिवसभर तिला बरं वाटायचं.

त्या पानाच्या कोपऱ्यात एक आकडा होता, स्थैर्याचा. ग्रहावरची माणसं सुखाने नांदताहेत की नाही, ते सांगणारा. तो वर असला की शेतं जास्त पिकत, खाली गेला की माणसं काम करेनाशी होत, आणि फार खाली गेला की ग्रहच हातातून जाई. मधुमतीला तो आकडा आगाऊ वाटायचा. धान्य समजतं, लोखंड समजतं, पण सुखी असणं मोजायचं कशाने? बाकी सगळे आकडे तिचं ऐकत, हा ऐकत नसे. विकासनगरवर तिने सगळ्यांना घरं दिली होती, धान्य साठलं होतं, कुणी उपाशी नव्हतं, कुणी बिनकामाचं नव्हतं, आणि तरी महिनाभर तो आकडा पायरी पायरी उतरत चालला होता. तिने सानिकाला फोन करून विचारलं होतं. सानिकाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणाली होती, आई, तुम हर दूसरे दिन सबको इधर से उधर कर देती हो, कोई कहीं टिके तो खुश हो. आणि म्हणे करमणूकगृह बांधलंस त्यात एकही माणूस नाही. मधुमतीने ते ऐकून घेतलं आणि करमणूकगृहातली जागा भरायची राहूनच गेली, कारण खाणीत नेहमीच कुणीतरी कमी असे.

आणि एक गोष्ट तिला सहनच होत नसे. एखाद्याला काम नसलं की त्याच्या डोक्यावर तांबडी खूण लुकलुकायची. ती दिसली की तिचे हात शिवशिवत. तांबडी खूण म्हणजे तिच्यासाठी मिरजेच्या घरातली खिडकी होती. तिचे वडील, गोपीनाथराव, रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले आणि खिडकीत बसले. जंक्शन जवळ, दिवसभर गाड्या. शिट्टी झाली की ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, ही कोल्हापूरची, ही मालगाडी आहे आणि रिकामी चालली आहे. भरलेली आणि रिकामी कशी ओळखता विचारलं तर म्हणायचे, रिकामी जास्त बोलते. घरात सगळ्यांना वाटायचं की माणूस खचला. आईने ओळखीने त्यांना एका भुसार पेढीवर बसवलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कॉलेजात जाणाऱ्या मधुमतीनेही. वडील रोज वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. खिडकीत खुर्ची होती तशीच होती. पण नंतर गाड्या कुणी ओळखल्या का? हा प्रश्न तिला आज प्रथमच पडला, मटाराचा हिरवा वास बोटांना असताना, आणि त्याचं उत्तर तिला लगेच सापडलं. शिट्ट्या होत राहिल्या होत्या. घरात कुणीच काही म्हणायचं नाही.

म्हणून सुधीर निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच सकाळी, केस विंचरता विंचरता, तिने त्याला कामं सांगायला सुरुवात केली. हा खचता कामा नये. गॅसचा नंबर लावा, हाउसटॅक्स भरून या, पाण्याच्या फिल्टरवाल्याला धरा, चौकात त्या चिकनच्या भरतकामवाल्याकडे माझी साडी रफूला टाका, परवा घेऊन या. एक संपलं की दुसरं. ते प्रेम होतं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. फक्त ते तिच्या टेबलावरून जावक होऊन गेलं होतं. सुधीर सगळं करायचा. मटार मात्र तो जून आणायचा, कारण भाजीवाल्याशी बोलण्यात त्याचा इतका वेळ जाई की शेंगांकडे बघायचं राहून जाई. गंमत म्हणजे ऑफिसात हेच तिला पक्कं ठाऊक होतं. आलमबाग शाखेत सरोज मिश्रा म्हणून एक क्लार्क होती. कागदावर तिचं काम बघितलं तर तिला ठेवावं का असाच प्रश्न पडे. ती चहा मागवायची, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि ती रजेवर गेली की त्या दिवशी काउंटरवर भांडण व्हायचं. इन्स्पेक्शनवाल्यांनी किती वेळा सांगितलं, मिश्राजींना जरा व्यस्त शाखेत टाका. मधुमतीने फाइल दाबून ठेवली. प्रत्येक शाखेत असं एक माणूस लागतं, त्याला हात लावायचा नसतो, हे ती कुणाकडून शिकली नव्हती. पण ऑफिसातली अक्कल ऑफिसात ठेवून येण्याची तिला सवय होती, छत्रीसारखी.

खेळ उघडला आणि ती पडद्याजवळ सरकली. विकासनगरचा आकडा वर गेला होता. थोडाथोडका नाही, चांगला हिरवा झाला होता. शेतं नेहमीपेक्षा जास्त देत होती, प्रयोगशाळेत कसलासा शोध लागला होता. तिने काहीच केलं नव्हतं. उलट गुरुवारी सकाळी ऑफिसला जाताना तिने एका तांबड्या खुणेला खाणीत कोंबलं होतं. आता तो खाणीत नव्हता. तो ओळीच्या टोकाला उभा होता, डोक्यावर खूण लुकलुकत, बिनधास्त. आणि करमणूकगृहातल्या दोन्ही जागा भरलेल्या. तिला आधी वाटलं की खेळात हे आपोआप होत असेल, माणसं कंटाळून जागेवर परत येत असतील. चौकशी केलेली बरी म्हणून तिने सानिकाला फोन लावला. सानिका हसायला लागली. गेम अपने-आप कुछ नहीं करता, आई. बाबा करते हैं. तू ऑफिसला गेलीस की बाबा बसतात म्हणे, रोज दुपारी फोन करून विचारतात, कुणाला कुठे ठेवू. आणि तिला सांगू नकोस म्हणाले होते, कारण ते तिचं राज्य आहे, तिला वाटू दे की तीच चालवते. "और वो एक जो ख़ाली खड़ा है ना," सानिका म्हणाली, "उसको बाबा किसी काम पर नहीं लगाने देते. मैंने बोला, लगा दो. बोले, रहने दे, मेरी पहचान का है."

फोन ठेवल्यावर मधुमती त्या आकृतीकडे बघत बसली. तिला आधी राग आला, तोही हिशेबी: आपल्या टेबलावर आपल्या माघारी कुणीतरी सह्या करतंय. मग हसू आलं, कारण सह्या चांगल्या होत्या. गेले काही दिवस ती उचलत होती आणि तो ठेवत होता. ती गेल्यावर सुधीर हळूच या खुर्चीत बसत असेल, चष्मा कपाळावर, आणि तिने हलवलेल्या एकेकाला त्याच्या जागेवर परत नेत असेल, जसा तो तिने रागाने बदललेला भांड्यांचा क्रम परत लावायचा आणि कधी बोलायचा नाही. आणि घर कसं चालत होतं इतकी वर्षं? तिने कधी ती बाजू मांडलीच नव्हती. सानिकाच्या दहावीला, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात, तिच्या स्वतःच्या त्या एका वाईट वर्षात जेव्हा प्रमोशन हुकलं आणि ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, तेव्हा सुधीर नेमकं काय करत होता? काहीच नाही. ओट्याला टेकून उभा असायचा. मध्ये येत होता म्हणून ती त्याच्यावर ओरडायचीही.

मग सकाळचा प्रश्न तिला पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी नीट ऐकू आला. जाऊ का? तिच्या माहेरी पाहुणा उठायला लागला की म्हणायचा, निघू का आता? तो विचारायचा ते निघायचं असतं म्हणून नाही. त्यावर घरातल्याने म्हणायचं असतं, बसा हो, काय घाई आहे, चहा टाकते. मग तो बसतो. न बसणारा पाहुणा असे प्रश्न विचारत नाही, तो चपला घालून जिन्यावरून हाक मारतो. हे तिला कळत नव्हतं असं नाही, तिने जन्मभर शेकडो पाहुण्यांना दुसऱ्यांदा बसवलं होतं. आणि लग्नाच्या नवऱ्याने मटारांच्या टोपलीसमोर उभं राहून निघू का विचारलं, तर ती म्हणाली, जा की. जागा रिकामी आहे. तिने सुधीरला फोन लावला. फोन फ्रिजवर वाजला. फ्रिजवर ठेवूनच तो जायचा, म्हणायचा, वाजला तर तू आहेस ना घ्यायला.

कपाट उघडून हाताला आली ती शाल घेऊन ती खाली उतरली, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर ऑटोवाल्याने मागितले तेवढे पैसे कबूल केले, तेव्हा तिला स्वतःलाच कळलं की प्रकरण गंभीर आहे. कपूरथल्याच्या नाक्यावर गर्दी, हनुमान सेतूवर गर्दी, हजरतगंजला मेट्रोच्या खोदकामाचे पत्रे आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या गाड्या. ऑटोवाला फोनवर कुणाशी तरी लग्नाच्या बँडबद्दल बोलत होता. ऊन शालीवरून आत झिरपत होतं. तिला वाटलं, आता तो खिडकीशी पोचला असेल. आता पैसे देत असेल. तिकीट एकदा हातात पडलं की सुधीर ते बदलणार नाही. तिने टाकलेला माणूस तो गुपचूप परत नेई, पण स्वतःच्या बाबतीत तो तिची ऑर्डर मोडायचा नाही. पुण्याला तो नीट जाईल, वेळेवर जाईल, वेळेवर येईल. फोनवर रोज बरं आहे म्हणेल. आणि ती विकासनगरच्या घरात प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवून राहील, आणि ती कुणी परत हलवणार नाही. हुसैनगंजला सिग्नलवर पेरूच्या गाडीचा वास आला आणि तिला विनाकारण भूक लागली. घाबरल्यावर तिला भूक लागते, हे सुधीरखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

रिझर्वेशनच्या हॉलमध्ये शिरल्यावर तिने सवयीने आधी खिडक्या मोजल्या आणि किती चालू आहेत ते बघून मनात नाक मुरडलं. मग रांगेत सुधीर दिसला. तो खिडकीपासून दुसरा होता. ती पुढे सरकणार तेवढ्यात सुधीर मागे वळला, मागच्या बाईला म्हणाला, आपके साथ बच्चा है, आप आगे हो जाइए. बाई पुढे गेली. तिच्यामागचा एक म्हातारा बघत होता. त्यालाही सुधीरने खांद्याला हात लावून पुढे काढलं. मग एक सामानवाला. सुधीर आता पाचवा झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचं समाधान होतं. मधुमती खांबाआड उभी राहून बघत राहिली. लखनौच्या अदबीचा असा कामचुकार उपयोग तिने तीस वर्षांत पाहिला नव्हता. हा सकाळपासून इथे असाच उभा होता, पुढे जात आणि मागे येत, पोचायचं नाही म्हणून. आणि त्याच्या आसपासची रांग, तिने नीट पाहिलं, हॉलमधली एकच रांग होती जिथे कुणी भांडत नव्हतं.

ती जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. सुधीरने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शालीकडे. ती उलटी होती.

"पनीर अजून घेतलं नाही," तो म्हणाला.

"अहो, तो खाणीत टाकलेला माणूस तुम्ही परत काढलात?"

सुधीरने कपाळावरचा चष्मा खाली आणला आणि पुसला. पकडला गेला की तो चष्मा पुसायचा. "सानिका पोटात काही ठेवत नाही," तो म्हणाला.

"बिनकामाचा होता तो."

"बिनकामाचा नव्हता. नुसता उभा होता."

रांग सरकली. मागून कुणीतरी म्हणालं की अंकलजी, बढ़िए. सुधीरने या वेळी कुणाला पुढे केलं नाही. तिने त्याचा हात धरला होता, त्यामुळे त्याला वळता येत नव्हतं. तिला बोलायचं होतं ते तिने वाटेत नीट मांडून आणलं होतं, मुद्द्यांनी, पण तोंडातून आलं ते माहेरच्या बायकांच्या सुरात आलं. "बसा हो," ती म्हणाली. "काय घाई आहे. चहा टाकते."

ओट्याला टेकल्यावर तो जसा उभा राहायचा तसा सुधीर जरासा तिच्या खांद्याला टेकला. मग म्हणाला की एक अट आहे, बॅटरीचं पाणी त्याला जमणार नाही, ती बाटली कुठे मिळते हे त्याला आजवर कळलेलं नाही आणि मागच्या वेळी त्याने नळाचं घातलं होतं. तिने ते ऐकलं, आणि इन्व्हर्टरची किंमत मनात आली ती तिने तशीच जाऊ दिली. धनंजयला सोमवारी फोन करायचा ठरलं, आणि तो फोन सुधीरच करेल असंही ठरलं. ठरवताना ती दोनदा तोंड उघडून गप्प बसली. चौकातली साडी मात्र आपण आणू म्हणाला, कारण चिकनवाला चहा चांगला पाजतो आणि त्याच्या भावाच्या लग्नाचं अर्धंच ऐकून झालंय.

पुढचा माणूस बाजूला झाला आणि दोघं एकदम खिडकीसमोर आले. काचेपलीकडच्या बाबूने मान वर न करता विचारलं, "हाँ जी, काम बताइए."

मधुमतीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं आणि सुधीरकडे पाहिलं.

"काम?" सुधीर म्हणाला, सावकाश, एकेक शब्द चाखत. "काम तो कुछ नहीं है."

बाबूने मान वर केली. मागची रांग कुरकुरली. मधुमतीला मात्र ते वाक्य आणखी एकदा ऐकावंसं वाटलं, आणि तिने ते सुधीरला खिडकीशीच पुन्हा म्हणायला लावलं.